ज्या पाण्यात डाळ शिजत नाही: लातूरमधल्या एका गच्चीवरच्या भाजीबागेचं प्रकरण

लातूर शहरातलं पाच माणसांचं घर, वर साधारण ६० चौरस मीटरची मोकळी गच्ची. विषमुक्त भाजी घरीच पिकवायची म्हणून दसऱ्यानंतर तिथे १८ ग्रो बॅग मांडल्या गेल्या, प्रत्येक १२ बाय १२ इंचांची. आत गावाकडून पोत्यांनी आणलेली काळीभोर माती आणि तितकंच शेणखत, तळाला विटांचे तुकडे. पालक, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी, मिरची आणि घेवडा लावला. रोज सकाळी बोअरचं पाणी, दर आठवड्याला जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं द्रावण), मधूनमधून पातळ केलेलं गोमूत्र. रासायनिक खताचा दाणा नाही की औषधाचा थेंब नाही.

जानेवारीच्या मध्यापर्यंत घेवडा संपला होता. मिरची वीतभर उंचीवर अडकली होती. टोमॅटोचे शेंडे पिवळे पडले होते आणि खालची पानं कडेने करपली होती. मेथी दोन पानांवरच बसली होती. बऱ्यापैकी उभा होता तो एकटा पालक. खत कमी पडतंय असं समजून घरच्यांनी जीवामृत आठवड्यातून दोनदा सुरू केलं. पंधरा दिवसांत आणखी चार झाडं गेली.

मराठवाड्यात गच्चीवरची बाग फसली की दोष खताला नाही तर किडीला दिला जातो, आणि उपायही तिथेच शोधला जातो. इथे बिघाड पाण्यात होता, आणि तो वाढवायचं काम खतानेच केलं. म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडतो आहोत.

पिवळं पान कोणतं, ते आधी बघायचं

झाडाला नत्र कमी पडलं तर जुनी, म्हणजे खालची पानं सरसकट पिवळी होतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून शेंड्याकडे पाठवतं. लोह कमी पडलं तर उलट होतं. लोह जुन्या पानातून हलत नाही, त्यामुळे कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात, जणू पिवळ्या कागदावर हिरव्या पेनाने रेघा ओढल्यात. या गच्चीवर टोमॅटोचे शेंडे अगदी असेच होते. म्हणजे नत्राची भूक नव्हतीच. मातीत लोह असतं, पण मातीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, साडेसातच्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. खालच्या पानांच्या कडा करपणं ही दुसरी खूण. ती क्षारांची. झाड पाणी ओढतं, क्षार पानाच्या टोकाला आणि कडेला साठतात आणि तिथली पेशी मरते.

तिसरी खूण पिशव्यांवरच होती. मातीच्या वरच्या थरावर आणि पिशवीच्या शिवणीवर पांढरी खर जमली होती. बोटाने उकरली की पापुद्रे सुटत होते.

उरलेलं कोडं स्वयंपाकघरात सुटलं. वरणाचं पाणी वेगळ्या हंड्यात का भरून ठेवता, असं विचारल्यावर घरातल्या आजी सहज म्हणाल्या, "बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही बघा, नळाचंच लागतं." तूरडाळीच्या बाजारपेठेत राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्याला मऊ होऊ देत नाही. तेच पाणी बागेला मात्र कुणी विचार न करता घालतं.

टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने, मोजलं तेव्हा नळाचं पाणी ३४० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आलं, बोअरचं ११८०, आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारं, 'वाया जाऊ नये' म्हणून तीन पिशव्यांना रोज घातलं जाणारं पाणी १७५० च्या पुढे. बोअरच्या पाण्याचा पीएच ८.२. मग मिरचीच्या पिशवीला भरपूर पाणी देऊन तासभर निथळू दिलं, वरून पेलाभर शुद्ध पाणी ओतलं आणि खालून गळालेलं पाणी वाटीत धरून मोजलं. आकडा ३१०० आला.

हा आकडा कुठून येतो, त्याचा हिशोब करून बघा. ११८० पीपीएमच्या एका लिटरमध्ये सुमारे सव्वा ग्रॅम विरघळलेले क्षार असतात. झाड आणि ऊन मिळून पाणी उडवतात, क्षार बहुतांश पिशवीतच राहतात. दिवसाला एक लिटर धरलं तरी तीन महिन्यांत एका पिशवीत शंभर ग्रॅमच्या वर क्षार, म्हणजे ओंजळभर. शेतात पावसाळा ते खाली नेतो. पिशवीला तळ असतो. त्यावर गोमूत्र आणि जीवामृत, दोन्ही स्वतःच क्षारयुक्त. मुळाबाहेर क्षार वाढले की ओल्या मातीतही झाडाला पाणी ओढता येत नाही. माती ओली आणि झाड मलूल, हे दृश्य दिसलं की खताची बादली खाली ठेवायची.

काळ्या मातीचं पिशवीत काय होतं

शेतात हीच माती सोनं आहे. पण तिच्यातली चिकणमाती ओलीत फुगते आणि सुकताना आक्रसते. पिशवीत आक्रसली की माती आणि पिशवीची कड यांच्यात बोटभर फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, भोकातून बाहेर येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की माती भिजली. इथे चार पिशव्या कापून पाहिल्या तेव्हा मधला गोळा कोरडा ठणठणीत होता, मुळं फक्त कडेने.

तळाच्या विटांच्या तुकड्यांनी निचरा होतो हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात बारीक माती पूर्ण तुडुंब भिजल्याशिवाय पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. त्यामुळे तुकड्यांच्या वर नेहमी एक चिखलाचा थर राहतो, आणि मुळांची चार बोटं जागा फुकट जाते. शिवाय या पिशव्या थेट स्लॅबवर टेकलेल्या होत्या, त्यामुळे भोकं दबून बंद झाली होती.

वजनाचाही विचार करावा लागतो. १८ लिटर काळी माती ओली झाली की ३० किलोच्या आसपास जाते. हलकं मिश्रण १६ ते १८ किलोत बसतं. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलोचा वापरभार धरतात, आणि त्यात पिशव्या, माणसं, पाण्याचा ड्रम सगळं आलं. म्हणून पिशव्या गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतींच्या आणि बीमच्या रेषेवर मांडायच्या. घर जुनं असेल, छत गर्डर-फरशीचं असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय एकही पिशवी चढवू नये. माळवदावर, म्हणजे लाकडांवर माती थापलेल्या छतावर, तर नकोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं कोसळूनच माणसं दबली. या भागात छतावरचं वजन हा किरकोळ मुद्दा नाही.

दुरुस्ती

पहिल्याच दिवशी सगळं खत बंद केलं. महिनाभर काहीही द्यायचं नाही, हे घरच्यांना पटवणंच सगळ्यात अवघड गेलं.

वाचण्यासारखी सहा झाडं होती: दोन टोमॅटो, तीन वांगी, एक मिरची. ती मुळांसकट उचलून नव्या मिश्रणात लावली. बाकी पिशव्या रिकाम्या केल्या. जुनी माती फेकली नाही. ताडपत्रीला भोकं पाडून तिच्यावर चार बोटं जाडीचा थर पसरला आणि पावसाळ्यापर्यंत तसाच सोडला, म्हणजे जूनचा पाऊस ती धुऊन काढील.

नवं मिश्रण घमेल्याने मोजलं: भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) ४ घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट ३, काळी माती २, चाळलेली जाड वाळू १. यात पाच पिशव्या भरतात. वर पाव किलो निंबोळी पेंड, म्हणजे पिशवीला ५० ग्रॅम. काळी माती पूर्ण वगळायची नाही, अन्नद्रव्य धरून ठेवायला ती लागते. फक्त पाचवा हिस्सा पुरे.

कोकोपीटची पाच किलोची वीट नळाच्या पाण्यात भिजवली की ६० ते ७० लिटर होते. बऱ्याच विटांत मूळचेच क्षार असतात. पिळून निघालेलं पाणी मोजायचं आणि ते नळाच्या पाण्याच्या आकड्याजवळ येईपर्यंत धुवायचं, साधारण दोन-तीन वेळा. हे धुणं बोअरच्या पाण्याने केलं तर केलं-न-केलं सारखंच.

शेणखत कुजलं की नाही हे रंगावरून ओळखू नका. मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर चालेल. आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर अजून महिनाभर ढिगातच राहू द्या. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीची अळी येते, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. या गच्चीवर वांग्याच्या एका पिशवीत अशा सात अळ्या निघाल्या.

पिशवी भरताना तळाला विटा नाहीत, फक्त भोकांवर जाळीचा तुकडा. तळाजवळ बोट जाईल इतकी सहा-आठ भोकं. प्रत्येक पिशवी दोन विटांवर उचललेली, म्हणजे पाणी दिसेल, गच्ची ओली राहणार नाही आणि मुंग्यांची वारुळंही खाली होणार नाहीत.

मग पाणी. नळाचं दोन भाग, बोअरचं एक भाग मिसळलं की आकडा ६२० येतो आणि ते बहुतेक भाज्यांना चालतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून २०० लिटरचा एक ड्रम फक्त बागेसाठी ठेवला, घट्ट झाकणाचा. उघडा ड्रम म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. पीएच उतरवण्यासाठी किराणा दुकानातलं सायट्रिक अॅसिड, १५ लिटरच्या बादलीला ३ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्यात पाऊण. पीएच पट्टी बुडवून साडेसहाच्या आसपास आणायचा, त्याखाली नाही. बोअर बदललं की हे प्रमाण बदलतं, त्यामुळे दुसऱ्याच्या गच्चीवरचा आकडा आपल्या गच्चीवर चालवू नये. एवढं लक्षात असू द्या की याने क्षार कमी होत नाहीत, फक्त लोह मोकळं होतं. काही घरी याच कामासाठी ताक घालतात. त्यात मीठ पडलेलं असेल तर आपणच हाताने क्षार ओततो.

पाणी द्यायची रीतही बदलली. रोज थोडं थोडं शिंपडलं की वरचा थर ओला होतो, क्षार तिथेच बसतात. त्याऐवजी थंडीत दोन दिवसांआड, पण दोन लिटर सावकाश, खालून तीनशे-चारशे मिलिलिटर गळेपर्यंत. तेवढ्या गळण्यानेच क्षार बाहेर जातात. ते गळालेलं पाणी पुन्हा वापरायचं नाही. महिन्यातून एकदा मोजायचं आणि दीड हजाराच्या वर गेलं तर त्या पिशवीला नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याने धुऊन काढायचं. १८ लिटरच्या पिशवीला पन्नासेक लिटर लागतात, म्हणून ही वेळ येऊच न देणं स्वस्त.

कोणतं सांडपाणी चालेल, हेही ठरवून टाकलं. डाळ-तांदूळ-भाजी धुतलेलं चालेल. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी तर उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओचं टाकाऊ पाणी फरशीला आणि संडासाला. कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी बागेला कधीच नाही: पाणी उडून उडून ते बोअरपेक्षाही खारट झालेलं असतं, आणि उन्हाळ्यात घरोघरी तेच कुंड्यांत रिकामं केलं जातं.

तीन आठवड्यांत वाचलेल्या टोमॅटोंना हिरवे शेंडे आले. जुनी करपलेली पानं सुधारत नाहीत, ती काढून टाकली.

काय लावायचं, हे पाणी ठरवतं

पालक का टिकला, याचं उत्तर त्याच्या कुळात आहे. आपला देशी पालक बीटाचा भाऊबंद आणि बीट क्षार पचवणारं. टोमॅटो मधला. मिरची, वांगी, भेंडी, कांदा हळवे. गाजर आणि घेवडा सगळ्यात नाजूक. हे ठाऊक असतं तर घेवड्याला आरओचं पाणी गेलं नसतं.

म्हणून १८ पिशव्यांची वाटणी पाण्याप्रमाणे केली. जास्त क्षारांच्या पाण्यावर पालक आणि घोळ. मिसळलेल्या पाण्यावर टोमॅटो, वांगी, मिरची, मेथी, अंबाडी, तांदुळजा. घोळ, तांदुळजा आणि अंबाडी या आपल्या भागाच्या भाज्या उन्हाळ्यातही टिकतात. गच्चीवर लेट्यूस आणि ब्रोकोलीच्या मागे लागणाऱ्यांनी आधी या तिघींना चार पिशव्या द्याव्यात असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोथिंबिरीला गरमी सोसत नाही. ऑक्टोबर अखेर ते जानेवारी हाच काळ. धणे चपलेने हलके रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे. उगवायला दहा-पंधरा दिवस घेते, तोवर माणसं धीर सोडून पिशवी उकरतात. मेथी चार दिवसांत दिसते आणि महिन्याच्या आत खुडायला येते. चिमण्या कोवळे कोंब टिपतात, म्हणून पहिले दहा दिवस जुनी मच्छरदाणी किंवा सुती साडी ताणून ठेवली. भेंडीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' घेतली, कारण पांढरी माशी पसरवते त्या पिवळ्या केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूरोगाला, ती बऱ्यापैकी तोंड देते. बियाणं घेताना रंग बघायचा. गुलाबी किंवा निळं माखलेलं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं.

कीड या प्रकरणात दुय्यम होती. पांढरी माशी आणि मावा यांना लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल, आधी रिठ्याच्या पाण्यात नीट फेटून, आठवड्यातून एकदा पानाच्या खालच्या बाजूने. पहिल्यांदा ही फवारणी भर दुपारी झाली आणि वांग्याची पानं भाजल्यासारखी झाली. तेल आणि ऊन एकत्र येऊ द्यायचं नाही, सूर्य मावळल्यावरच. पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्या बघा. त्या त्याला खांद्यावर घेऊन झाडोझाड नेतात. मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय फवारणी पुरत नाही.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट दोन आळीपाळीच्या ड्रममध्ये होतं. ओल्याच्या दीडपट सुका पाला. लोणचं, पापड, खारं उष्टं त्यात नाही. कारण आता सांगायला नको.

एप्रिल, मे आणि पहिला पाऊस

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टँकरांनी पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या शहराने हे पाहिलं, तिथे मे महिन्यात १८ पिशव्या हिरव्या ठेवणं योग्य नाही, जमलं तरीही. मेमध्ये एका पिशवीला दिवसाला दोन लिटरपर्यंत पाणी लागतं. अठरांना ३६ लिटर. म्हणून मार्च संपता संपता टोमॅटो काढून टाकले. तसंही ३५ अंशांच्या पुढे त्यांची फुलं फळ न धरताच गळतात. एप्रिलपासून सहाच पिशव्या: अंबाडी, तांदुळजा, घोळ, एक मिरची, दोन वांगी. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, डोक्यापासून दोन-तीन फूट उंच, म्हणजे गरम हवा निघून जाते. मातीवर दोन इंच सोयाबीनचं भुसकट. पाणी सूर्योदयाआधी. या सगळ्याने दिवसाचं पाणी आठ ते नऊ लिटरवर आलं, आणि त्यातलं बरंचसं भाजी-डाळ धुण्याचंच होतं. बाकी बारा पिशव्या मिश्रणासकट गोणपाटाखाली विसावल्या.

मृगाचा पाऊस आला की शेडनेट काढायची आणि सगळ्या पिशव्या, रिकाम्यासुद्धा, उघड्यावर ठेवायच्या. पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत. ६० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की ६०० लिटर होतात, गळती-उडती वजा जाता पावणेपाचशे तरी हाती येतात. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून दिलं. नंतर पन्हाळीला कापडाची गाळणी बांधून ५०० लिटरची टाकी भरली. ऑगस्टअखेर मिरचीच्या त्याच पिशवीच्या गळत्या पाण्याचा आकडा ५८० होता. ताडपत्रीवरची जुनी मातीही चांगली धुऊन निघाली आणि पुढच्या मिश्रणात गेली.

दुसऱ्या थंडीत पालकाची प्रत्येक पिशवी खुडणीला पाव किलोच्या आसपास देत होती, हंगामात चार खुडण्या. टोमॅटोला झाडामागे दीड ते दोन किलो. आठवड्यातून तीन दिवस पालेभाजी घरची, बाकी बाजारातून. १८ पिशव्यांत पाच माणसांची सगळी भाजी होत नाही, आणि तसं सांगून कुणाला बाग सुरू करायला लावू नये.

टाकीतलं पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून वापरलं जातं. घेवडा आता फक्त दोन पिशव्यांत आहे, आणि त्या दोन पिशव्यांना त्या टाकीशिवाय दुसरं पाणी घालायचं नाही, असं झाकणावर खडूने लिहिलेलं आहे.